निघायच्या आधीची गोळी

तीस वर्षं पोलादपूर-महाबळेश्वर जीप मारतोय मी. आंबेनळी घाटात कोण कुठल्या वळणावर ओकणार, ते मी तोंड बघून सांगतो. म्हणून उलटीच्या गोळ्या गाडीतच ठेवतो आणि स्टँडवरच दरडावतो, "आत्ताच घ्या. मागनं सीट धुवायला माझा बाप येणार नाय."

गेल्या साली माझ्या बायकोला, ठकूला, कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी पनवेलला केमो, असं सहा वेळा. पहिल्या वेळी हुमेरानं, तिथल्या नर्सनं, गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि काय काय समजावलं. पोरगी आपल्या महाडची, गोड बोलणारी. पण मी ऐकलं एका कानानं. उलटीच्या गोळ्यांचं मला कोण शिकवणार? घरी आल्यावर ठकूनं विचारलं, "ह्या कधी घ्यायच्या?" मी म्हटलं, "उलटी लागली तर घे, नायतर राहू देत."

दोन केमोत बाई निम्मी झाली. चार-चार दिवस पोटात पाणी ठरेना. शेजारी चहा उकळला तरी तोंडाला पदर. दुसऱ्या केमोनंतर ती शांतपणे म्हणाली, "मी आता जाणार नाय. मरायचं तर मरीन, पण असं ओकून ओकून नाय." मी ओरडलो. मुंबईहून आमचा पोरगा मंगेश फोनवर रडला. ती हलली नाय. अर्धवट सोडलं तर गाठ परत वाढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला घास गोड लागेना.

तारखेच्या आदल्या दिवशी हुमेराला फोन केला, आम्ही येत नाय म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, काकींनी गोळ्या कशा घेतल्या?"

मी औषधांचा डबा उघडला. गोळ्या बऱ्याचशा तशाच. ठकू पडल्या पडल्या म्हणाली, "ओकायला लागलं की घ्यायचे. ती पण बाहेर पडायची. दोन शेजारच्या सुनीलच्या बायकोला दिल्या, घाटात जायची होती बिचारी."

मी ते तसंच फोनवर सांगितलं. गाडीतल्या गोळ्यांची फुशारकी मी पहिल्या वेळीच हुमेरापुढं मारली होती. तिनं विचारलं, "काका, तुम्ही गाडीत गोळी कधी देता?"

"निघायच्या आधी."

"आणि ओकायला लागल्यावर दिली तर?"

"तेव्हा काय उपयोग?" मी बोलून गेलो.

"हेच मी सांगितलं होतं. केमोआधी तासभर एक, मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मळमळ असो की नसो. तरी त्रास झाला तर कळवा, डॉक्टर औषध बदलतील. आणि ह्या गोळ्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत."

मी ठकूजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "चूक माझी हाय गो. माझ्या शहाणपणापायी तू भोगलंस."

ती शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. "तीस वर्षं परक्या माणसांना सांगताय," ती म्हणाली, "आणि मला नाय सांगितलंत."

मी एवढंच म्हटलं, "एकदाच चल. ह्या वेळी पण तसंच झालं तर मी परत तोंड उघडणार नाय."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली, ती माझ्यावर विश्वास ठेवून नव्हे, माझी कीव येऊन. केमोआधी तासभर एक, मग तीन दिवस मोबाईलला गजर लावून मी तिला गोळ्या दिल्या. मळमळलं थोडं, पण उलटी एकदाच झाली. चौथ्या दिवशी दुपारी तिनं नाचणीची अर्धी भाकरी आणि सुकट मागितली. मी समोर बसून तिचा एकेक घास बघत होतो.

"काय टक लावलीय? सुखानं खाऊ तरी द्या," ती म्हणाली. मग हात धुता धुता तिनं विचारलं, "पुढची तारीख कधी हाय?"

तारीख मला पाठ होती. तरी मान खाली घालून बोटांवर मोजत बसलो.