कॉस्टिकचा ड्रम

अक्कलकोट रोडवर बडेसाबचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे तिथं कोण किती दिवसांचं काम सांगतं आणि किती दिवस लावतं, ते मला तोंडपाठ असतं. धर्मपालभाऊ मात्र गिऱ्हाईक असून स्वतःच कामाला बसले. रेल्वेत फिटर म्हणून चौतीस वर्षं काढून कुर्डुवाडीहून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना पसंत पडत नाही.

गाडी त्यांची नव्हती, भीमाबाईंची होती. जुनी फियाट. सरकारी नर्स असताना बाईंनी ती घेतली, स्वतः चालवली, लशींचा डबा मागच्या सीटवर ठेवून खेडीच्या खेडी पालथी घातली. भाऊंना गाडी येत नाही. ते शेजारी बसून ब्रेक कधी दाबायचा ते सांगत. गिअर अडकायला लागले तेव्हा भाऊंनी बायकोला न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. तो टायर बघत असतानाच बाई भाजी घेऊन आल्या. भांडण असं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडं, पुण्याला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, गाडी रस्त्यावर आली की कळवा, येते. त्याला सात आठवडे झाले. तेवढ्यात भाऊंच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली.

बडेसाबनं गिअरबॉक्स उतरवला, आतले गिअर काढून ट्रेमध्ये मांडले. राहिला बाहेरचा रिकामा डबा. त्यावर तीस वर्षांचं ऑइल, ग्रीस आणि सोलापूरची धूळ यांचा बोटभर थर. खालचा धातू कुणी पाहिलेला नव्हता. बडेसाबनं डिझेल, ब्रश आणि लाकडी पट्टी दिली. खरवडत राहा, दोन दिवसांत निघेल, म्हणाले. भाऊंनी अर्धा दिवस खरवडलं. त्यात तीन चहा झाले, दोनदा ब्रशला नावं ठेवून झाली, आणि "आमच्या शॉपात असं नव्हतं" हे मी अकरापर्यंत मोजलं, पुढचं सोडून दिलं. तिकडं रेल्वेच्या वर्कशॉपात म्हणे उकळत्या कॉस्टिक सोड्याच्या हौदात सामान सोडायचं. जेवून येईपर्यंत लख्ख.

गुरुवारी संध्याकाळी भाऊंनी पुण्याला कळवूनही टाकलं, रविवारी गाडी तयार.

शुक्रवारी दुपारी बडेसाब नमाजाला गेले. भाऊ माझ्याकडं आले, कॉस्टिक कुठं मिळेल म्हणाले. मी मागच्या टॉवेलवाल्यांच्या डाइंगकडं, सूत रंगवतात तिकडं, बोट दाखवलं. एवढं माझ्या नावावर.

लोखंडी ड्रमखाली जाळ केला. पाण्यात कॉस्टिक पडलं, त्यात डबा सोडला. लगेच सूंऽऽ करून फेस आला.

"बघा मल्लप्पा, मळ कसा सुटतोय."

मीही बघितलं. मलाही मळच सुटताना दिसला. मळ निघून गेला तरी फेस थांबेना, तेव्हाही आम्ही दोघं कौतुकानंच उभे होतो.

बडेसाब परतले ते डोक्यावरची टोपी काढायचं विसरून ड्रमकडं धावले. लाकडं ओढली, आकडीनं डबा बाहेर घेतला, त्यावर पाण्याची नळी सोडली. डबा अल्युमिनियमचा होता. कुठल्याही मिस्त्रीला ते माहीत असतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. भाऊंच्या सगळ्या नोकरीत असली वस्तू बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाचीच, म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. कॉस्टिक बिडाला काही करत नाही, अल्युमिनियमला खातं. बोल्टाच्या भोकांतले आटे गेले होते, बेअरिंग बसायची जागा वापरलेल्या साबणासारखी झाली होती.

भाऊंनी वेल्डिंगचं विचारलं.

"वेल्डिंग कशाला करू, भाऊ?" बडेसाब म्हणाले. "मापच गेलं की."

तसल्याच दुसऱ्या डब्यासाठी मी पुणे, हुबळी, हैदराबाद, सगळीकडं फोन लावले. हैदराबादवाला म्हणाला, तुम्हाला कुठं मिळाला तर मलाही एक पाठवा.

चार वाजता भीमाबाईंचा फोन आला. भाऊंच्या उजव्या हातावर शिंतोडे उडून फोड आले होते, म्हणून फोन मीच धरला, स्पीकरवर. त्या विचारत होत्या, रविवारचं तिकीट काढू का.

भाऊ फोनजवळ सरकले.

"डबा गेला," म्हणाले. "माज्याच हातानं. दुसरा मिळत न्हाय कुटं."

काय लावलं होतं, त्यांनी विचारलं. भाऊंनी सांगितलं.

"हातावर उडालं का?"

"उडालं की."

"पाण्याखाली धरला?"

"न्हाय."

"मग धरा आधी." पलीकडं लेकीचा मिक्सर सुरू झाला. "आणि गाडी कुणाला द्यायची न्हाय."

फोन बंद झाला.

बडेसाबनं भाऊंचा हात धरून नळीखाली घेतला. भाऊ मला म्हणाले, येते म्हणाली का? लोकांचं बोलणं माझ्याकडं नोंदल्यासारखं राहतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, तसं काही म्हणाल्या नाहीत. येत न्हाय म्हणाली का? तसंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

तेवढ्यात टाकी रिकामी झाली. नळी फुसफुसून थांबली. भाऊंनी हात तिथंच ठेवला.