तिसावं मूल

एकोणतीस. तीन वेळा मोजली, बोट ठेवून मोजली, तरी एकोणतीसच.

म्हणे देशात पाय ठेवायला जागा उरली नाही. या माझ्या वस्तीत आणि दाखवा मला पोरं! जनगणनेसाठी एकशे बारा घरं पालथी घातली मी. दर दुसऱ्या दारात साठीच्या पुढचं जोडपं, एक गुडघे चोळतंय, दुसरं औषधांच्या डब्या उघडतंय. मुलं-नातवंडं विचारली की मोबाइल पुढे करतात, फोटो दाखवायला. फोटो मोजायची सोय अर्जात नाही.

सहा ते चौदा वयाची तीस मुलं वस्तीत भरली नाहीत तर शाळा बंद, असा आदेश होता. मी तिथली मुख्याध्यापिका आणि मुलं मोजायला नेमलं तेही मलाच. सत्तावीस वर्षं त्या तीन खोल्यांत घसा फोडलाय मी. तापट आहे, कबूल. पण माझ्या हाताखालचं एक पोर कधी नापास झालं नाही. त्याचा भारी तोरा होता मला.

चार वाजता जनगणनेच्या तपासनिसांचा फोन आला.

"बाई, पाचला अर्जांचा गठ्ठा न्यायला येतोय. किती झाली?"

"एक कमी आहे."

त्यांनी आवाज खाली आणला. "एखादं भाच्याचं, पुतण्याचं पोर लिहून टाका की. कोण बघतंय?"

"मी बघतेय," म्हटलं आणि फोन ठेवला. खरं तर भाच्याचं पोर माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

पुन्हा सगळे अर्ज चाळले. प्रत्येक घरी शेवटी एक प्रश्न विचारायचाच असतो: आणखी कोणी? तान्हं, म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं? माणसं सांगायला विसरतात म्हणून. शहाण्णव नंबरच्या अर्जात त्या प्रश्नापुढे खूणच नव्हती. शिवणकाम करणारीचं घर. पहिल्याच दिवशी दारातून उरकलं होतं मी. नवरा वारलेला, मुलगी बाहेरगावी, माणसं एक. मला सगळं ठाऊक होतं ना! मोठी शहाणी मी.

पायात चपला सरकवल्या आणि धावतपळत तिचं घर गाठलं. साडेचार वाजून गेले होते.

ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "परत कशा आलात बाई?"

"एक प्रश्न राहिला. घरात आणखी कोणी आहे?"

"तुम्ही एक लिहिलंय ना? मग एकच." मशीन पुन्हा चालू.

खोलीभर गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले. खिडकीतल्या दोरीवर एक फ्रॉक होता, ओला, पाणी ठिबकत होतं. खालची दुमड दोनदा उसवून लांब केलेली. जुन्या शिवणीच्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"हा कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"गिऱ्हाइकांचे कपडे धुऊनही द्यायला लागलीस होय गं?"

मशीन थांबलं. आतल्या खोलीत पत्र्याच्या डब्यात बटणं पडत होती. एक, मग एक, मग आणखी एक.

मग मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी ही सहा वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली होती. पोरीला ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटांत वाटेला लावलं होतं मी दोघींना. शहरातल्या खास शाळेत घाल म्हटलं, इथे माझा निकाल बिघडेल.

"शहरात नाही घातलीस?"

"तिला तिकडे एकटी टाकून मी इथे राहू?"

"म्हणून तीन वर्षं घरात कोंडलीस पोरीला?" मी ओरडलेच.

"आवाज चढवू नका. कोंडली कोणी, ते आपण नंतर बघू." ती शांतपणे म्हणाली. "पहिल्या दिवशी मोजायला तुम्ही दारात आलात तेव्हा ती माझा हात धरून उभी होती, बाई. तुम्ही कागदातून मान वर केली नाहीत."

मी हातातला अर्ज उघडून तिच्या मशीनवर ठेवला.

"तिसावं पाहिजे ना? अख्ख्या गल्लीला माहितीय. लिहा. पण खरं लिहा, नाहीतर मी सही करणार नाही."

लिहायला घेतलं. वय नऊ. शाळेत जाते का? नाही. कारण? आजार, अंतर, घरकाम, इतर. 'इतर' असेल तर मोजणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. माझं पेन आपसूक 'आजार'कडे वळलं. तिचं बोट मध्ये आलं.

"आजारी नाही ती."

घड्याळात पाचला दहा कमी. खरं लिहिलं की चौकशी लागणार, निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, आयुष्यभराचं नाव धुळीला मिळणार. भीती वाटली मला, कशाला खोटं बोलू?

तेवढ्यात मुलगी डबा घेऊन बाहेर आली. मला बघितलं आणि झटकन आईच्या मागे सरकली. दहा मिनिटांची भेट तीन वर्षं लक्षात होती तिच्या.

मी लिहिलं: 'इतर. मुख्याध्यापिकेने प्रवेश नाकारला.' आईने सही केली. खाली मोजणाऱ्याची सही लागते. तीही मीच ठोकली.

तपासनीस मला शोधत तिथेच आले. उभ्या उभ्या अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"बाई, ही ओळ खोडा. अजून वेळ आहे."

"तीस झाली ना? गठ्ठा बांधा."

त्यांनी बांधला. ते गेल्यावर मी शिवणकामवालीला म्हटलं, "उद्या पाठवशील हिला?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

मी पोरीसमोर गुडघे टेकून बसले. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. सत्तावीस वर्षं शिकवतेय मी, आणि तिला साधं 'येशील का' खुणांनी कसं विचारायचं ते मला येत नव्हतं.

"तू शिकव गं मला," मी तिच्या आईला म्हटलं.