नऊ-सहाची काच

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी जन्मभर मी पत्तेच वाटत आलो. मी पोकर खेळवणारे एक जुने यंत्र आहे. लास व्हेगासमधून धरणाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ‘कॉपर लँटर्न’ नावाचा एक साधा जुगारखाना आहे. त्याच्या मागच्या दाराजवळ, स्वयंपाकघरातून परतलेल्या कांद्याचा वास येतो त्या भिंतीला मी उभा असतो. आता माझ्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. तुम्ही थांबलात म्हणून सांगतो. मात्र मुलांना माझ्याजवळ उभे राहू देत नाहीत, तेव्हा जरा लांबूनच ऐका.

माझा जन्म रीनो शहरातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची पेटी, तिच्यात टीव्हीसारखा पडदा, पडद्याखाली पाच बटणे, शेजारी पाने बदलायचे एक मोठे बटण आणि पोटात नाण्यांचे भांडे, एवढाच माझा देह. पण माझ्या आत बावन्न पानांचा गठ्ठा अखंड पिसला जात असतो. कोणी खेळो वा न खेळो, मी आपला पिसतच असतो. लोक म्हणतात, यंत्र लबाड असते, हरणाऱ्याला बरोबर ओळखते. साफ खोटे आहे. माझ्यापुढे राजा बसला काय आणि रंक बसला काय, मी तीच पाने वाटणार. माझ्यातली लबाडी आत नाहीच. ती वरच्या काचेवर उघड छापलेली असते. फक्त ती वाचायची तसदी घ्यावी लागते.

खेळ साधा आहे. नाणी टाकली की मी पाच पाने दाखवतो. हवी ती पाने बटण दाबून ठेवायची, बाकीची एकदाच बदलून घ्यायची. शेवटी हातात गुलामांची जोडी असली तरी टाकलेले पैसे परत मिळतात आणि त्याहून चांगल्या हाताला त्याहून जास्त. कशाला किती, ते काचेवर लिहिलेले असते. जाणकार माणूस त्यातले दोनच आकडे बघतो. तीन सारखी पाने आणि एक जोडी म्हणजे फुल हाउस, त्याला एका नाण्यामागे किती? पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक म्हणजे फ्लश, त्याला किती? माझ्या काचेवर नऊ आणि सहा होते. नऊ-सहाच्या यंत्रावर न चुकता खेळले, तर शंभर डॉलर फिरवल्यावर मालकाच्या पदरात जेमतेम अर्धा डॉलर पडतो. ‘न चुकता’ हे दोन शब्द मात्र नीट ऐका. ते फार थोड्यांना जमतात.

ऑर्व्हिल प्रुइटला ते जमत असे. हा माणूस धरणावर वीज तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करून निवृत्त झाला होता. रुंद अंगठा, डोक्याला उन्हाने विटलेली टोपी. त्याची बायको लव्हॉन नेहमी त्याच्या डाव्या हाताला, माझ्या शेजारच्या यंत्रावर बसे. ती बोलायला तिखट आणि खेळायला घाबरट होती. आमच्याकडच्या स्थानिक माणसांची एक रीत आहे. ती बसण्याआधी वाकून काच वाचतात, जसे कोणी घरात शिरण्याआधी पाय पुसावेत. ऑर्व्हिल तर रोजच्या ओळखीच्या यंत्राचीही काच वाचायचा. “नऊ-सहा,” असे मोठ्याने म्हणायचा आणि मगच खुर्ची ओढायचा.

त्याच्यासारखे खेळणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. कोणी नवखा शेजारी बसला की त्याला शिकवल्याशिवाय याला चैन पडत नसे. एकदा मिनेसोटाचा एक ट्रकवाला माझ्यासमोर बसला आणि पंजांच्या जोडीबरोबर एक एक्काही ठेवू लागला.

“अरे थांब, थांब!” ऑर्व्हिल ओरडला. “जोडी ठेवलीस ते ठीक. तो एक्का कशाला बगलेत मारलास?”

“मोठं पान आहे. असू दे की.”

“मोठं असेल, म्हणून काय तो तुझा मेव्हणा लागतो? टाक त्याला. तिसरा पंजा यायला जागा मोकळी कर.”

मग त्याने त्याला रॉयलची गोष्ट सांगितली. एकाच जातीचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी आले की रॉयल. चांगल्या खेळणाऱ्यालाही साधारण चाळीस हजार डावांत एकदा ते लाभते. “एक नाणं टाकून रॉयल आलं तर अडीचशे नाणी मिळतात,” तो म्हणाला, “आणि पाच टाकून आलं तर चार हजार. एकावर खेळायचं असेल, तर त्या पैशाची कॉफी पी आणि घरी जा.”

“आणि समजा पाची बदाम हातात आले, फ्लश तयार आहे, पण त्यातली चार पानं रॉयलची आहेत. मग?” ट्रकवाल्याने विचारले.

“मोडायचा फ्लश. छातीवर दगड ठेवायचा आणि मोडायचा.”

“ऐकू नकोस रे याचं,” लव्हॉन पलीकडून म्हणाली. “लग्नाआधी यानं चांगली चाललेली नोकरी अशीच मोडली होती.”

“म्हणून तर तू मिळालीस.”

“म्हणजे डाव फसलाच की.”

ट्रकवाला इतका हसला की त्याची कॉफी माझ्या बटणांवर सांडली. ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्यासमोर माणसे ताटकळत उभी राहत. ‘मागच्या दाराजवळचं म्हातारं चांगलं आहे’ असे गावभर सांगत. मी मनातून फुगायचो, खोटे कशाला बोलू? वाटायचे, ही माणसे माझ्यासाठी येतात.

मग नवा मॅनेजर आला. एका सकाळी दोन माणसांनी माझे पोट उघडले, आतली चिप बदलली आणि वरची काचही बदलली. नव्या काचेवर होते आठ आणि पाच. बाकी सगळे तेच, तेच पत्ते, तोच पडदा, तीच खुर्ची. फक्त शंभरातला अर्धा डॉलर जायचा, तिथे आता पावणेतीन जाऊ लागले, आणि तेही न चुकता खेळणाऱ्याचे. त्या दिवशी नेहमीची माणसे आली, वाकली आणि काच वाचून ताठ झाली. कोणी शिवी हासडली, कोणी नुसतेच निघून गेले. काही जणांनी तर माझ्या पत्र्याला लाथ घातली. माझा काय दोष होता? पण आपल्या कपाळावर जे लिहिले जाते, ते आपण लिहीत नाही.

त्याच दुपारी ऑर्व्हिल आणि लव्हॉन आले. ऑर्व्हिल वाकला, काचेकडे बघून म्हणाला, “नऊ-सहा.” मग खुर्ची ओढून बसला.

लव्हॉन उभीच राहिली. तिने काच वाचली, मग पुन्हा वाचली.

“ऑर्व्हिल, नीट बघितलंस का रे?”

“बघितलं की. नऊ-सहा आहे. बस ना, पाय दुखतील.”

चष्मा त्याच्या नाकावर होता आणि कालच पुसलेला होता. लव्हॉनचा चेहरा उतरला. ती हळूच बसली आणि एक अक्षर बोलली नाही. मित्रांनो, त्या बाईच्या जागी आपण असतो तरी दुसरे काय केले असते, असे मला पुष्कळदा वाटते. पण ते तिथेच बोलायला हवे होते.

पुढे चुका येऊ लागल्या. आधी क्वचित. एका डावात त्याने जोडीबरोबर एक्का ठेवला, तोच एक्का, ज्याला तो मेव्हणा म्हणायचा. मग एकदा सत्त्यांची जोडी फेकून एकटी राणी ठेवली. डॉक्टरांना कळले नव्हते, शेजाऱ्यांना कळले नव्हते, मला कळले होते. ज्या माणसाचा अंगठा वर्षानुवर्षे न अडखळता माझ्या बटणावर पडे, तो आता मधेच हवेत थांबायचा आणि कुठल्याही बटणावर उतरायचा.

आणि मग माझ्या बटणांवर दुसरे बोट पडू लागले. बारीक, अंगठीचे. ऑर्व्हिल चुकला की लव्हॉन चटकन हात लांबवून दुरुस्ती करायची आणि म्हणायची, “माझ्या बोटांना नुसता चाळा लागलाय बघ.” ही तीच घाबरट बाई, जिने इतकी वर्षे त्याच्याकडून शिकायचे टाळले होते. आता ती घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर पत्ते मांडून शिकून यायची, हे तिच्याच पुटपुटण्यावरून मला समजले. शेजारच्या यंत्रावर बसणे तिने सोडूनच दिले. लोकांना वाटे, म्हातारा-म्हातारी अजून एकाच डावात गुंतलेली आहेत, काय हे प्रेम! प्रेम तर होतेच. पण त्या प्रेमाला सारखी भीतीची धाप लागलेली असे.

अशी दोन वर्षे गेली. मग एका सकाळी ऑर्व्हिल एकटाच गाडी घेऊन निघाला आणि जेवणाचा डबा हातात धरून धरणाच्या फाटकापाशी उभा राहिला. म्हणाला, कामाच्या पाळीला आलोय. पहारेकऱ्याने फिनिक्सला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन केला. तिचे नाव ट्रुडी. ती दुसऱ्याच दिवशी आली, आणि आल्याबरोबर सरळ माझ्यासमोर, कारण तिची आई हट्टालाच पेटली होती.

“डोकं गेलेला माणूस याच्यासारखा खेळेल का?” लव्हॉन म्हणत होती. “तूच येऊन बघ. एकदा चकवा लागला, म्हणून काय त्याला उचलून न्यायचं?”

“मॉम, फिनिक्सला चांगली जागा मिळतेय. तिथे त्याच्याकडे लक्ष देतील.”

“त्याच्याकडे. माझ्याकडे नाही. जोडीदाराला ठेवत नाहीत तिथे, तूच सांगितलंस ना? मग मी इथे कोणाशी भांडू?”

ट्रुडीचे डोळे भरून आले. या खेळाने आईबापांच्या संध्याकाळी खाल्ल्या, म्हणून ती लहानपणापासून पत्त्यांचा राग करत आलेली होती. “मला यातलं ओ की ठो कळत नाही,” ती म्हणाली. “पण तू सांगशील ते मी खरं मानीन. डॅड बरोबर खेळला, तर मी आजच परत जाते. फक्त तू हात मांडीवर ठेव.”

लव्हॉनने हात मांडीवर ठेवले.

ऑर्व्हिल खेळू लागला. पहिल्या डावात त्याने छक्क्यांची जोडी ठेवली आणि एक्का फेकला. लव्हॉनचा श्वास सुटला. दुसऱ्या डावात किलवरची चार पाने होती, तीही त्याने बरोबर ठेवली. अंगठा जणू जुन्या वाटेने स्वतःच चालत होता. तिसरा, चौथा, सगळे ठीक. मला वाटले, सुटली बिचारी. मग मी पुढची पाच पाने दाखवली.

बदामचा एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी.

एकही पान न बदलता, वाटतानाच रॉयल! साडेसहा लाख डावांत एकदा येतो असा हात. ऑर्व्हिलच्या सगळ्या आयुष्यात तो आला नव्हता. आजकालची यंत्रे असा हात आला की गाणी वाजवतात. माझ्या पिढीतली आम्ही यंत्रे गप्प राहतो. पाचही बटणे दाबून ठेवायची, तरच ती पाने राहणार.

ऑर्व्हिल पुढे वाकला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आले.

“राजा, राणी... सगळी मंडळी जमली की गं. कोणाचं लग्न आहे?”

लव्हॉनची बोटे मांडीवर एकमेकांत रुतली होती.

“आपल्याला बोलावलंय का?”

“हो रे,” ती म्हणाली. “बोलावलंय.”

त्याने मान हलवली, आणि एकही पान न ठेवता मोठे बटण दाबले. पाचही पाने गेली. मला ती धरून ठेवता आली असती तर! पण मी वाटणारा, धरणारा नव्हे. त्यांच्या जागी तिर्री, नव्वी, अठ्ठी असली फुटकळ पाने आली.

“झालं?” ट्रुडीने विचारले. “बरोबर खेळला ना?”

तिला खरोखरच काही कळले नव्हते. एक ‘हो’ म्हटले असते तर ती गाडीत बसून परत गेली असती, आणि लव्हॉनचा नवरा लव्हॉनकडे राहिला असता. मी साक्षीदार होतो, पण मुका.

“मॉम?”

“नाही,” लव्हॉन म्हणाली. “चुकला. आणि आज पहिल्यांदा नाही. दोन वर्षं त्याच्या जागी मीच खेळतेय.”

ट्रुडीने आईच्या खांद्यावर डोके ठेवले. दोघी रडू लागल्या. ऑर्व्हिल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

“कोण चुकलं?”

“तू चुकतोस रे,” लव्हॉन म्हणाली. “बऱ्याच दिवसांपासून.”

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्याचा आवाज एकदम पूर्वीसारखा, स्वच्छ आला.

“मग तेव्हाच सांगायचंस की गं. तेव्हा मी शिकलो असतो.”

जाताना त्याने खुर्ची कलती करून माझ्या अंगाला टेकवून ठेवली. आमच्याकडे त्याचा अर्थ असा, की बसणारा परत येणार आहे, कोणी बसू नये. संध्याकाळपर्यंत खुर्ची तशीच होती. मग झाडणाऱ्या बाईने ती सरळ केली.

तो फिनिक्सला गेला. लव्हॉन पुन्हा इकडे आली नाही. माझ्या पडद्यावर आता डाग पडले आहेत, एक बटण दबत नाही, आणि लवकरच मला भंगारात नेतील असे ऐकतो. मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. काच वाचल्याशिवाय माझ्यासारख्यांपुढे बसू नका, आणि वाचता आली तरी न बसलेलेच बरे. पण तुमच्या घरातले एखादे माणूस चुकू लागले, तर त्याच्या नकळत त्याची चूक सुधारून गप्प बसू नका. त्याला सांगा. रागावेल, रडेल, तरी जवळ बसून सांगा. त्याला समजते आहे, तोवरच सांगा.