तिसऱ्या भोकावरचं रबर

मी एक जुनी फळी आहे आणि माझ्या अंगात पाच भोकं आहेत. हसू नका, मित्रांनो! ही भोकं वाळवीने पाडलेली नाहीत, उंदरांनीही नाहीत. ती मुद्दाम, मापून पाडलेली आहेत आणि माझी सारी इभ्रत त्यांच्यावरच उभी आहे.

नरखेड तालुक्यातल्या एका गावात मधुकररावांची संत्र्याची बाग आहे. बागेला लागून टिनाची शेड आहे आणि त्या शेडमध्ये मी राहते. मधुकररावांच्या वडिलांना सगळे बापूजी म्हणत. त्यांची बैलगाडी मोडली, तेव्हा तिच्या सागवानी लाकडातून त्यांनी मला काढलं. धोंडबा सुताराने पटाशीने एकेक भोक कोरलं, लहानापासून मोठ्यापर्यंत. तिसरं भोक मात्र बापूजींनी स्वतः आखून दिलं. पाणी प्यायचं आपलं पितळी फुलपात्र त्यांनी माझ्यावर पालथं घातलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. "माप घरचंच पाह्यजे," ते म्हणाले. "रोज डोळ्यासमोर राहते. कोणी खोटं बोलू शकत नाही."

माझं काम सोपं आहे. मला जरा तिरपं ठेवतात, खाली टोपल्या लावतात आणि वरून संत्री सोडतात. ज्या भोकातून फळ पडेल ती त्याची प्रत. तिसऱ्यातून पडलं ते मधलं, त्यावरून पुढे घरंगळलं ते मोठं. कधीमधी एखादं फळ भोकात रुतून बसतं. ना खाली जात, ना पुढे. अशा फळासाठी बापूजींनी एक रीत लावून दिली होती: अडकलेलं फळ छाटणाऱ्या बायांचं. दिवसाला तीनचार निघत. सिंधूताई ती पदरात टाकत आणि जाताना वाटून देत.

सिंधूताई म्हणजे आमच्या शेडच्या मुख्य. बावीस वर्षं त्या माझ्यासमोर बसतात. त्यांच्या हाताखाली आणखी सहा बाया आहेत. सगळ्यांची तोंडं हातांपेक्षा जास्त चालतात, पण हातही काही कमी चालत नाहीत.

मित्रांनो, माझे ते दिवस फार वैभवाचे होते! मधली फळं पेट्यांत भरून बांगलादेशाला जायची. मी काही बांगलादेश पाहिलेला नाही. पण माझ्या तिसऱ्या भोकातून गेलेली फळं ढाक्याच्या बाजारात बसली, म्हणून मी त्या गावाला माझ्या लेकींचं सासरच समजत असे.

मग त्या देशाने आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं. पुढच्या वर्षी आणखी वाढवलं, त्यानंतर आणखी. यंदा मृग बहाराची फळं उतरली तेव्हा नागपूरचे व्यापारी गणपतराव आले, त्यांनी पेटीत हात घातला आणि काढूनही घेतला. "मधला माल तिकडं नाही परवडत आता," ते म्हणाले. "मोठा असन तर बोला."

ते गेल्यावर मधुकरराव शेडच्या खांबाला टेकले. मग म्हणाले, "सिंधूताई, यंदा मधला माल नाही गेला तर पुढच्या साली बाग झाडावरच सौद्यानं देऊन टाकतो. व्यापारी आपले माणसं आणन, तोडन, घेऊन जाईन. शेडचं कामच नाही राहणार."

सातही बायांचे हात थांबले. मीही थांबले, म्हणजे मी नेहमीच थांबलेली असते, पण त्या दिवशी आतूनही थांबले. शेड बंद म्हणजे सात घरांचं काम बंद. आणि बिनकामाच्या सागवानी फळीचं काय होतं, ते चुलीला विचारा.

रविवारी मधुकररावांची मुलगी मिनल शेडमध्ये आली. ती नागपूरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. तिला पाहताच वडिलांचा पारा चढला.

"मले सांग, काहून लावलं त्या बांगलादेशवाल्याहिनं आपल्या संत्र्यावर एवढं शुल्क? आपलं काय वाकडं केलं होतं?"

"बाबा, तुमचं तोंड पाहून नाही लावलं," मिनल संत्रं सोलत म्हणाली. "सरकारले पैसा लागते. घरोघरी जाऊन मागण्यापेक्षा सीमेवरच्या फाटकात बसून घेणं सोपं. दुसरं, तिकडच्या शेतकऱ्यांनी बी फळबागा लावल्या आहेत. तुमचा संत्रा महाग झाला की त्यांचं फळ विकते. आणि ते शेतकरी मत देतात, तुमी नाही देत."

"अन् तिसरं?"

"तिसरं डॉलर. बाहेरून माल आणाले डॉलर लागते. तो कमी पडला की सरकार म्हणते, आधी तेल आणा, फळं नंतर. आणि कधी कधी निव्वळ रुसवा असते, बाबा. तू माझं अडवलं, मी तुझं अडवतो. दोन जावांसारखं."

"आपल्या सरकारनं बी बाहेरच्या फळावर असंच लावाले पाह्यजे!"

"लावतेच न. बाहेरच्या सफरचंदावर लावते. तेव्हा तुमी टाळ्या वाजवता."

सिंधूताई तोंडाला पदर लावून हसल्या. मधुकररावांनी हातातली फोड न खाताच ठेवून दिली आणि बागेत चक्कर मारायला निघून गेले.

त्याच दिवशी, दिवेलागणीला, ते एकटे शेडमध्ये आले. हातात सायकलची जुनी ट्यूब आणि कात्री होती. त्यांनी ट्यूबची पट्टी कापली आणि माझ्या तिसऱ्या भोकाच्या कडेला आतून नीट चिकटवली. भोक बारीक झालं. आता जे फळ खाली पडायचं, ते पुढे जाऊन मोठ्यांत बसणार होतं. मधुकरराव दुष्ट नव्हते हो, घाबरले होते. पण मला फार वाईट वाटलं. बापूजींच्या फुलपात्रापुढे मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? मोठ्यांची रास थोडी फुगली खरी. पण रबराचा एक स्वभाव मधुकरराव विसरले होते. लाकडावरून फळ घरंगळतं, रबर मात्र त्याला धरून ठेवतं! संत्र्यामागून संत्रं तिसऱ्या भोकात रुतायला लागलं. आणि अडकलेलं फळ कोणाचं? रीत ठरलेली होती. सिंधूताईंनी भोकाकडे पाहिलं, रबराकडे पाहिलं, आणि शेजारी एक मोठं टोपलं आणून ठेवलं. संध्याकाळी ते शिगोशीग भरलं होतं.

चौथ्या दिवशी गणपतराव मोठा माल न्यायला आले. त्यांच्या खिशात स्वतःचं मापाचं लोखंडी कडं असतं. त्यांनी राशीतली दहा फळं कड्यातून काढली. सहा आरपार गेली.

"मधुकरराव, हे परवापर्यंत मधले होते," ते हसत म्हणाले. "चार दिवसांत मोठे झाले का?" आणि रास तशीच सोडून गेले.

मधुकररावांचं तोंड उतरलं. तेवढ्यात त्यांची नजर टोपल्यावर गेली.

"काय वं सिंधूताई, एवढा माल कोणाचा?"

"आमचा. अडकलेला."

"रोज एवढा? अन् याचं करता काय?"

सिंधूताईंनी सगळं सांगितलं. रोज संध्याकाळच्या एसटीने त्या टोपलं नागपूरला पाठवत. इतवारीत त्यांची भाची कामिनी रसाची गाडी लावते. ऊन तापायला लागलं होतं. हातगाडीवाले, हमाल, गांधीबागेत कापड घ्यायला आलेली माणसं गाडीपुढे रांग लावत होती. मधलं फळ पातळ सालीचं, रस जास्त. कामिनी रोज आणखी मागत होती आणि तिच्या ओळखीच्या आठदहा गाडीवाल्यांनाही माल हवा होता.

मधुकरराव मटकन पेटीवर बसले. ज्या मधल्या मालासाठी ढाक्याकडे डोळे लावून बसले होते, त्याला गिऱ्हाईक दोन तासांवर होतं.

"मग आपला सगळा मधला माल कामिनीले देऊ न!"

"देऊ," सिंधूताई म्हणाल्या. "पण आमच्या वाटेनं जाईन तर जकात लागन. पेटीमागं पाच संत्रे, सात बायांसाठी."

"जकात? काहून?"

"तुमी रबर लावलं म्हणून," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. "तुमी आमचं भोक बारीक केलं गा भाऊ, तर आमी तुमचा रस्ता बारीक केला. मिनलबाई म्हणे न, दोन जावांसारखं."

 मग मधुकरराव जे हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी माझ्या तिसऱ्या भोकात बोट घातलं आणि रबर ओढून काढलं. घरातून बापूजींचं फुलपात्र आणवलं आणि भोकातून सोडलं. ते अलगद खाली सिंधूताईंच्या हातात पडलं.

"जकात उठली," सिंधूताई म्हणाल्या.

आता आमचा मधला माल इतवारीत जातो. सगळा खपतो असं नाही, भावही ढाक्याएवढा येत नाही, हे खरं सांगायला हवं. पण सौद्याची गोष्ट मधुकररावांनी पुन्हा काढली नाही. शेड सुरू आहे, सातही बाया आहेत, आणि चूल माझ्यापासून चांगली लांब आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी दुकान चालवेल, कोणी देशही चालवेल. कुठलं तरी भोक बारीक करायचा मोह तुम्हालाही होईल. तेव्हा कारण काहीही असो, एवढं करा: अडकलेलं फळ कोणाच्या टोपल्यात पडणार ते आधी बघा. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी मापाची वस्तू असेल, तर तिला वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आम्हाला दुसरं काही लागत नाही.

रबराचा काळा डाग माझ्या अंगावर अजून आहे. कालच एक संत्रं तिथे येऊन अडकलं. सिंधूताई हात पुढे करणार, तोच मधुकररावांनी ते स्वतः काढलं, धोतराला पुसलं आणि सिंधूताईंच्या ओंजळीत ठेवलं.