हौदात उतरायचं राहिलं

सिद्धोधनच्या पोटात रात्रीपासूनच कळा येत होत्या. तरी सकाळी त्याने वालूरच्या चौकातलं आपलं दुकान उघडलं, कारण एका शेतकऱ्याची पाण्याची मोटार दुरुस्तीला खोलून पडली होती. तो शटरपाशीच आडवा झाला. शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला परभणीला आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, पोट लगेच उघडावं लागेल.

"वाचतील ना?" सत्यशीलाने विचारलं.

"उशीर झालाय. प्रयत्न करतो."

सत्यशीला भिंतीला टेकली. नवरा जाईल ही भीती तर होतीच, पण तिच्याही पुढे एक भीती होती. सिद्धोधनचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

सत्यशीला वालूरला अंगणवाडीत होती. लेकीच्या आजारपणात ती सेलूच्या एका प्रार्थनाघरात जाऊ लागली, लेक बरी झाल्यावरही जात राहिली आणि प्रार्थनाघरामागच्या सिमेंटच्या हौदात उतरून तिने बाप्तिस्मा घेतला. सिद्धोधन आधी तिला नुसता सोडायला यायचा. मग बाहेर थांबू लागला, मग मागच्या सतरंजीवर बसू लागला. वर्षभरापासून घरात जेवणाआधी तोच प्रार्थना करायचा. हौदाचं मात्र टाळायचा, कारण त्याच्या आईने त्याच्याकडून शब्द घेतला होता.

आई म्हणजे सुलाबाई. छप्पन साली तिच्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ती त्याच्या खांद्यावर बसलेली होती. ती म्हणायची, "मपल्या बापानं जीवावर उदार होऊन हा धम्म घेतला. मी हाय तवर त्या पाण्यात उतरू नको. मी गेल्यावर काय करायचं ते कर." सिद्धोधनने मान डोलावली होती.

आता सत्यशीलाने पास्टर बालाजींना फोन लावला. ते राणीसावरगावला एका मयतीला गेले होते.

"निघतोच ताई. पण मला वेळ लागंल. तुमी प्रार्थना करा. तो प्रभूचाच हाय."

"पर तुमीच सांगितलं व्हतं ना, पाण्यानं जन्मल्याबिगर देवाच्या राज्यात जाता येत न्हाई म्हणून?"

पास्टर म्हणाले, "ताई, वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराला येशूनं सोबत देवाच्या राज्यात नेलं. त्याला कुठं पाणी मिळालं व्हतं?"

तिला आधार वाटायला हवा होता. पण त्या चोराला वेळच मिळाला नव्हता. सिद्धोधनला वर्षभर वेळ होता.

स्ट्रेचर आलं. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून झाकण उघडलं. आपल्या मंडळीत पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा मानत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरी ओंजळभर तरी, कपाळावर तरी, असं म्हणत तिने हात पुढे केला. सिद्धोधनने तिचं मनगट धरलं. त्याच्या हातात जोर उरला नव्हता.

"आईला शब्द दिलाय."

"अहो, आता कशाचा शब्द!"

"आईला फसवून वर जाऊ व्हय? त्यो ठिवून घेईल का मला?"

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं. बाटलीतलं पाणी तिच्याच साडीवर सांडलं.

त्यांच्याबरोबरच जीपमधून आलेली सुलाबाई बाकड्यावर पदर तोंडाला लावून बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"बाटली कशाला काढलीस गं?"

सत्यशीलाने आधी टाळलं. मग तिला आवरेना. तिने सगळं सांगून टाकलं, हौदाचं, आत्म्याच्या तारणाचं आणि आज काही झालं तर सिद्धोधन कुठे जाईल या धास्तीचं.

सुलाबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. "म्हंजी मपल्या शब्दापायी त्याला तिकडं जागा न्हाई?"

"मला ठावं न्हाई, आत्या. तेच ठावं न्हाई." सासूला ती आत्या म्हणायची.

"आमच्या दीक्षेला पाणी लागलं न्हाई," सुलाबाई म्हणाली. "मपला त्या पाण्यावर इश्वास न्हाई. पर त्याचा हाय की." ती गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी गेली. नर्स आडवी आली. म्हातारीने तिच्या खांद्यावरून दाराकडे तोंड करून हाक मारली, "सिद्धोधन! म्या तुला मोकळं केलं रे! ऐकतूस का? शब्दातून मोकळं केलं!"

व्हरांड्यातले सगळे वळून बघू लागले. आत तो तोवर गुंगीत गेला असणार. सुलाबाई परत येऊन सत्यशीलाला खेटून बसली. आता ती भीती दोघींची झाली. दार हललं की दोघी उठायच्या, कुणी दुसराच बाहेर यायचा, की पुन्हा बसायच्या.

पास्टर बालाजी धुळीने माखून आले, तोवर डॉक्टर बाहेर येऊन गेले होते. ऑपरेशन झालं होतं. पण दोन दिवस काही सांगता येणार नव्हतं.

"तो गेला असता तर?" सत्यशीलाने पास्टरना थेट विचारलं.

"मी त्याला विश्वासणारा म्हणूनच माती दिली असती. बाप्तिस्मा आपल्याला सांगितलाय ताई, देवाला त्यानं बांधून टाकलेलं न्हाई."

"मग हे रविवारी तुमी का सांगत न्हाई?"

पास्टरनी रुमालाने मान पुसली. "सांगितलं तर कुणी हौदाकडं यायचंच न्हाई, अशी भीती वाटती."

तिला राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

सिद्धोधन वाचला. पोटावरची जखम भरायला बरेच दिवस गेले. मग एका रविवारी तो सेलूच्या हौदात उतरला. आईही आली होती. मुलाचे कोरडे कपडे छातीशी धरून ती हौदाच्या कडेला उभी राहिली. तो पाण्याखाली गेला तेव्हा तिने डोळे मिटले आणि वर आला तेव्हा सगळ्यांच्या आधी टॉवेल पुढे केला.

सत्यशीला रडली, हसली. मग तिची नजर सासूवर गेली. टॉवेल धरलेले ते सुरकुतलेले हात पाहून तिला पुन्हा तीच धास्ती वाटली, या वेळी सासूसाठी. ती पास्टरजवळ गेली. ते ओल्या सदऱ्याच्या बाह्या पिळत होते.

"आन आत्या?" तिने हळूच विचारलं.

पास्टरनी हातातली बाही सोडून दिली. "मला ठाऊक न्हाई, ताई," ते म्हणाले.

तिकडून सुलाबाईने हाक मारली, "अगं, बोलत काय बसलीस? त्याला वारं लागायलंय, चल लवकर!"

सत्यशीला गेली. रस्त्यापर्यंत जाताना तिने म्हातारीचा हात सोडला नाही.