दिलपसंदच्या गोवऱ्या

शहागडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाची, अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. गावाबाहेर गोदावरीकाठच्या मठात एक हत्तीण होती. नाव दिलपसंद, वय तीस, स्वभाव मुख्याध्यापिकेचा. तिला सांभाळायचे साहेबराव आणि त्यांची बायको केशरबाई. या दोघांना मूलबाळ नाही, असं लोक म्हणायचे. केशरबाई म्हणायची, "एक हाय की. चार खंडीची."

त्या वर्षी दूरच्या जंगलातल्या हत्ती कॅम्पातून पत्र आलं. हत्तिणीची लीद दर सोमवारी बाटलीत भरून पाठवा, आम्ही त्यातले हार्मोन मोजू. काम माझ्याकडे आलं. पहिली बाटली गेली, पंधरा दिवसांनी कागद आला.

"काय म्हंते कागुद?" साहेबरावांनी विचारलं.

"आता खाली आहे. पुढं चढेल, मग उतरेल. चार-चार महिन्यांनी असं चढत-उतरत राहिलं, म्हणजे पिल्लू होण्याजोगी आहे. मग कॅम्पात नेतील, नराजवळ."

"अन् चढलंच न्हाई तर?"

"तर राहील इथंच."

केशरबाई रोजच्या लिदीच्या गोवऱ्या थापायची, आणि पहिल्या सोमवारच्या गोवऱ्या भिंतीला वेगळ्या रचलेल्या होत्या. हत्तीची एका दिवसाची लीद म्हणजे कोपरा भरून गोवऱ्या. त्यानंतर दर सोमवारी त्यातलीच एक मोडायची, पाण्यात कालवायची, बाटलीत भरायची. मी बघत होतो आणि बघत नव्हतो. कॅम्पाकडून येणाऱ्या कागदावरची रेघ मठाच्या ओट्यासारखी सपाट.

पुढच्या उन्हाळ्यात दिलपसंदला पोटफुगी झाली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. नदीकडच्या पडीत तिला पुरलं. गावाने नारळ फोडले. कॅम्पाला कळवायचं काम माझं होतं. साहेबराव दवाखान्यात येऊन बाकड्यावर बसले.

"कंपाउंडरसाहेब, बाटली जाऊन राह्यली तर जाऊ द्या. कुठंतरी तर ती जित्ती राहील."

बाटलीसोबतच्या फॉर्मात मेल्याचा रकाना नव्हता. 'वागणूक' होता. मी लिहिलं, 'शांत'. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पावसाळ्यात रेघ चढली.

मला वाटलं, कॅम्पात बाटल्यांची अदलाबदल झाली. पुढच्या सोमवारी गोवरी मी स्वतः मोडली. तीच रास, तोच कोपरा. रेघ आणखी चढली, मग उतरली, चार महिन्यांनी पुन्हा चढली. वर्षभर भिंतीशी वाळलेल्या शेणाने असं कधी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"माय, कशाला चढती गं?" साहेबराव रिकाम्या खुंट्याकडं बघून म्हणाले. साखळी अजून तिथंच होती, कडी लावलेली. केशरबाई सवयीने उसाचे वाढे टाकायची, ते सकाळपर्यंत संपायचे. शेळ्या खात असतील, असं मी म्हणालो. शहागडात शेळ्या आहेतच. खुंट्याजवळची माती भर उन्हाळ्यात ओली असायची, तिला मात्र मी काही म्हणालो नाही.

मग तार आली: ट्रक पाठवत आहोत.

सकाळी दहाला ट्रक मठापुढं उभा राहिला. कॅम्पाच्या डॉक्टरबाई खाली उतरल्या. मी सगळं कबूल केलं, गोवऱ्यांसकट. त्यांनी पडीतला उंचवटा पाहिला, मग हातातला आलेख पाहिला.

"मग हे कुणाचं?"

साखळी हलली. वारा नव्हता.

"तिकडं जाऊ नये म्हून रोकली होती तिला," साहेबराव म्हणाले. "मेल्यावर बी बांधूनच ठेवली म्या. तिला जायचंय."

"अहो, मंग सोडा की!" केशरबाई म्हणाली आणि आत गेली. ती खण-नारळ घेऊन आली. खुंट्यापुढं उभी राहिली, पायाच्या टाचा उंचावून कपाळाएवढ्या उंचीवर हवेला हळद-कुंकू लावलं. कुंकू खाली पडलं नाही एवढं मी पाहिलं, मग चष्मा पुसत बसलो.

साहेबरावांनी कडी काढली. "चल, माय." ट्रकला लावलेली फळी एकदा करकरली, मग पुन्हा. मग ट्रकची मागची चाकं दबली.

डॉक्टरबाईंनी फॉर्मवर सही केली. शिकलेली बाई. जाताना हळूच म्हणाल्या, "बाटल्या मात्र पाठवत राहा." गोदावरीच्या पुलावर चढताना ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला, तो आवाज मठापर्यंत आला.

पुढच्या सोमवारी उरलेल्या गोवऱ्यांतली एक मोडून पाठवली. पंधरा दिवसांनी कागद आला. साहेबराव बाकड्यावर बसले होतेच.

"खाली," मी म्हणालो. "बिलकुल सपाट."

"म्हंजे इथं न्हाई ती." त्यांनी डोळे पुसले, थोडं हसले. "अन् तिकडचा कागुद कवा येतो?"