सासरेबुवांचं शिळं पाणी

सासरेबुवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पंधरा दिवस म्हणून आले, त्याला आता चार महिने झाले होते. डोळा पंधराव्या दिवशीच स्वच्छ झाला होता. इतका, की जावयाला पडू लागलेलं टक्कल लेकीच्या आधी त्यांना दिसलं. बॅग मात्र अजून खाटेखाली होती, अर्धी भरलेली. कुणी बघितलंच तर माणूस निघण्याच्या बेतात आहे असं वाटावं, एवढीच तिची कामगिरी.

राहायचं तर कारण हवं, हा त्यांचा बाणा होता. आधी म्हणाले, "दुसराही डोळा दाखवतो आणि जातो." मग न्हाणीघरातला नळ गळत होता, तेवढा मार्गी लावून जाणार होते. मग कपाटाच्या बिजागऱ्या, मग पडद्याची दांडी, मग दारावरची बेल. चार महिन्यांत घर इतकं धडधाकट झालं, की त्यात राहायला कारण उरेना. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या दोन खोल्या होत्या. बायको गेल्यापासून तिथे आवाज यायचा तो फक्त त्यांच्या स्वतःच्या चपलांचा. पण हे ते कुणाला सांगायचे नाहीत. लेकीने "बाबा, इथेच राहा ना" म्हटलं की ताठ होऊन म्हणायचे, "लेकीच्या घरी माणसाने किती राहायचं याला काही माप असतं."

एका रविवारी लेक काचेची टाकी घेऊन आली. चांगली दोन हात लांब. सोबत पिशवीत तीन सोनेरी मासे.

"बाबा, मला ऑफिसातून वेळ होत नाही. तुम्ही आहात तोवर तेवढं बघाल?"

"आता मी निघणारच होतो," सासरेबुवा म्हणाले. तोवर त्यांच्या बाह्या वर सरकल्याही होत्या. "बरं, मासे रुळेपर्यंत थांबतो."

इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते पाण्याशी.

झालं असं, की सासरेबुवांनी चौतीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली होती. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं ते त्यांच्या हातात होतं. आणि जावयाचा धंदा घरोघरी पाणी शुद्ध करायची मशीनं बसवण्याचा. म्हणजे एकाने आयुष्यभर शुद्ध केलेलं पाणी दुसरा रोज अशुद्ध ठरवून पोट भरत होता. चार महिने दोघांनी हा विषय मोठ्या शहाणपणाने टाळला होता. सासरेबुवा गुपचूप नळाचं पाणी प्यायचे आणि जावई गुपचूप त्याकडे काणाडोळा करायचा.

टाकी भरायची वेळ आली तशी सासरेबुवांनी बादली नळाखाली लावली. जावयाने येऊन नळ बंद केला.

"मामा, मशीनचं घालू."

"माशांना?"

"ज्या पाण्यात माझी गिऱ्हाइकं भाजीसुद्धा धूत नाहीत, त्यात मी मासे सोडू? उद्या कुणी घरी आलं तर काय म्हणेल?"

"अहो जावईबापू, नदीला कुणी मशीन बसवलंय का?"

"नदीत कुणी क्लोरीनही सोडलेलं नाही, मामा."

हा टोला वर्मी बसला. सासरेबुवा उठले आणि खाटेखालच्या बॅगेतून एक लाकडी डबी घेऊन आले. निवृत्त होताना त्यांनी साहेबांकडून शाल नको म्हणून ही मागून घेतली होती. आत काचेची एक नळी आणि औषधाची एक बाटली. नळीत नळाचं पाणी घेऊन त्यांनी दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"बघा. केंद्रापासून इथवर नऊ किलोमीटर, आणि तरी क्लोरीन आहे. शेवटच्या नळापर्यंत टिकवलंय. याला काम म्हणतात."

जावयाने खिशातून पेनासारखा मीटर काढून बादलीत बुडवला. "तीनशे दहा." मग मशीनच्या पाण्यात बुडवला. "अठरा. बघा आता तुम्हीच."

"काय अठरा?"

"पाण्यात विरघळलेलं काय काय. क्षार, गाळ, घाण."

"तिला चव म्हणतात."

"दोघांचं झालं का?" लेक पिशवी धरून उभी होती. "मासे चक्कर येऊन पडतील. पाणी यांच्या मशीनचं, देखभाल बाबांची. विषय संपला."

विषय संपला असं लेकीने म्हटलं की तो निदान तिच्यासमोर तरी संपायचा.

सासरेबुवांनी माशांची नावं ठेवली. जाड, सावकाश वळणारा तो साहेब. त्याच्या मागे मागे फिरणारा तो हेडक्लार्क. आणि सगळ्यात लहान, इकडून तिकडे पळणारा तो शिपाई. रोज सकाळी चष्मा पुसून ते टाकीसमोर खुर्ची टाकायचे. चार दिवस खातं छान चाललं. पाचव्या दिवशी साहेबाने खाणं अर्धं केलं. आठव्या दिवशी हेडक्लार्कने पंख अंगाशी मिटून घेतले. पंधराव्या दिवशी शिपाई कोपऱ्यात तळाला बसला तो उठेचना. सरकारी नोकरीत असा आराम शोभतो, टाकीत नाही.

"नवी जागा आहे, रुळतील," जावई म्हणाला. पण त्याच्याही मनात कुठेतरी पाल चुकचुकली असावी, कारण त्याच संध्याकाळी त्याने मशीनमध्ये नवं फिल्टर बसवलं आणि टाकीचं पाणी अख्खं बदललं. मीटर बुडवून खुशीत म्हणाला, "आता तर सात!"

दुसऱ्या दिवशी साहेबही तळाला बसला.

सासरेबुवांनी रात्रभर हिशेब मांडला. मासे मेले तर आपलं इथलं काम संपलं. काम संपलं की बॅग. आणि त्यातून मेले ते जावयाच्या पाण्याने, म्हणजे लेकीच्या तोंडाकडे बघून निघताना धड भांडताही येणार नाही. मंगळवारी दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी तांब्या आणि बादली घेतली. टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी काढलं आणि नळाचं सरळ ओतायला लागले.

आता, उघड्या भांड्यात पाणी ठेवलं की त्यातलं क्लोरीन हळूहळू उडून जातं, हे त्या शहरात सासरेबुवांइतकं कुणाला ठाऊक असेल? नमुना घेतल्या घेतल्या तपासायचा, नाहीतर आकडा उतरतो, हे त्यांनी तीन पिढ्यांच्या कारकुनांना घोकून शिकवलं होतं. बादली एक दिवस झाकणाविना ठेवावी हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. ज्या क्लोरीनला शेवटच्या नळापर्यंत टिकवण्यात उभी हयात गेली, ते आपल्याच हाताने उडवून लावायचं? त्यांनी ओतण्याआधी नळीत दोन थेंब टाकून बघितले. पिवळं धमक. अंगावर मूठभर मांस चढलं. ओतलं.

दहा मिनिटांत तिन्ही मासे वर आले. सासरेबुवांना क्षणभर वाटलं, उठले बुवा कामाला. मग दिसलं की ते पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताहेत. शिपाई तर आडवा झाला होता.

नेमका तेव्हाच जावई विसरलेला पाना न्यायला घरी आला. बघतो तो सासरे बादली धरून उभे, चेहरा पांढराफटक.

"मामा, काय घातलंत?"

"पाणी."

"कुठलं?"

सासरेबुवांनी बादली खाली ठेवली. "आपलं."

जावयाने पुढे काही विचारलं नाही, ही त्याची मोठी गोष्ट. त्याने स्वयंपाकघरातून हाताला लागेल ते मोठं भांडं उचललं. तो पाच लिटरचा कुकर होता. त्यात मशीनचं पाणी आणि टाकीतलं थोडं, असं घाईघाईत जे मिळालं ते भरलं, आणि तिन्ही मासे आत सोडले. स्कूटरवर सासरेबुवा मागे, मांडीवर कुकर. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, कारण कुकरच्या आतून कुणीतरी झाकणाला धडका मारत होतं.

"शिपाई असणार," सासरेबुवा पुटपुटले. "आडवा होता मघाशी. उठला वाटतं."

माशांच्या दुकानात कोपरापर्यंत ओले हात घेतलेली एक बाई होती. तिने कुकर उघडला, आत बघितलं, मग दोघांकडे बघितलं.

"खायला आणलेत की वाचवायला?"

"वाचवायला, बाई!" दोघं एका सुरात म्हणाले. चार महिन्यांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

तिने मासे आपल्या टाकीत सोडले आणि पदराला हात पुसत चौकशी सुरू केली. आधी जावयाने सगळं सांगितलं, अठरा आणि सात या आकड्यांसकट. मग सासरेबुवांनी खाली मान घालून दुपारचं सांगितलं. कोण काय काम करतं तेही ओघात निघालं. बाई आधी ओठ दाबून ऐकत होती, शेवटी तिला राहवेना.

"म्हणजे यांच्या पाण्यात काहीच नाही, आणि तुमच्या पाण्यात जरा जास्तच आहे. मासा राहणार कुठे? त्याला क्षार लागतात हो, नुसत्या कोऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं बळ जातं. आणि क्लोरीन तुम्ही माणसांसाठी घातलंत ते बरोबरच आहे, पण माणूस ते पितो, हा त्यातून श्वास घेतो."

"मग?" जावयाने विचारलं.

तिने मागे बोट दाखवलं. भिंतीला लागून चार पिंपं उभी होती, तोंडं उघडी. "नळाचंच. पण शिळं करून. दोन दिवस असंच ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं. आणि एकदम सगळं बदलायचं नाही, आठवड्याला पाव टाकी." मग माशांकडे बघत म्हणाली, "दणकट जात आहे, उद्यापर्यंत येतील ताळ्यावर. तुमची मुलगी आली होती ना न्यायला? सारखी एकच विचारत होती, सगळ्यात जास्त वर्षं जगणारा मासा कुठला."

सासरेबुवांच्या कानांवर ते पडलं, पण त्यांचं लक्ष शिपायाकडे होतं.

मासे चार दिवस दुकानात राहिले. पहिल्या दोन दिवसांत घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. लेकीने बापाला एवढंच विचारलं, "माझा कुकर घासला का?" सासरेबुवांना मात्र ते शांत राहणं बोचत होतं. बुधवारी संध्याकाळी त्यांनी बॅग खाटेखालून ओढली आणि लाकडी डबी तळाशी घालून वर कपडे रचायला घेतले.

"रविवारी निघतो म्हणतो," ते दाराकडे न बघता म्हणाले. "माझ्या हाताला आता यश नाही."

दारात जावई होता. त्याच्या खांद्यावर झाकण नसलेलं एक निळं पिंप होतं. "तेवढं जरा धरता का, मामा? एकट्याने जमत नाही."

एकट्याने त्याने जिन्यावरून दोन मजले आणलं होतं, हे सासरेबुवांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी धरलं. पिंप गच्चीच्या दाराशी, लोखंडी स्टँडवर बसलं. जावयाने तळाला भोक पाडून तोटी आणि वायसर घालून घट्ट आवळली. चांगलं, नेटकं काम करत होता. सासरेबुवांनी चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काम करताना बघितलं आणि मनातल्या मनात वर्गही दिला. पहिला.

"यात नळाचं पाणी भरायचं," जावई गुडघ्यावर बसून तोटीशी बोलावं तसं म्हणाला. "दोन दिवस ठेवायचं. आणि क्लोरीन गेलं का नाही ते बघायचं. आता त्याला माझा मीटर काही उपयोगाचा नाही. त्याला डबी लागते."

सासरेबुवांनी तोटी एकदा उघडून, बंद करून बघितली.

"मशीनचं सर्व्हिसिंग मी करतो सगळीकडे, पण हे मला नाही जमणार. दर आठवड्याला करावं लागतं."

"दर आठवड्याला," सासरेबुवा म्हणाले. "किती आठवडे?"

"मासे आहेत तोवर."

"आणि असे किती जगतात हे?"

जावई उठला, हात झटकले. "दुकानातल्या बाई म्हणाल्या, नीट राखले तर पंधरा-वीस वर्षं."

आता कुठे सासरेबुवांच्या डोक्यात बाईचं ते दुसरं वाक्य पोचलं. सगळ्यात जास्त वर्षं जगणारा मासा कुठला. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. लेक पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती, आणि ऐकू येत नसल्यासारखी इतक्या हळू चिरत होती, की सगळं ऐकू येत होतं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. त्यात वीस मिळवले तर किती होतात?"

"हिशेब तुमचा पक्का असतो बाबा," ती मागे न वळता म्हणाली.

शनिवारी सकाळी मासे घरी यायचे होते. त्याआधी सासरेबुवांनी पिंपातून नळीत पाणी घेतलं, दोन थेंब टाकले आणि नळी उजेडासमोर धरली. शेजारी जावई चहाचा कप घेऊन उभा राहिला. दोघंही श्वास रोखून बघत होते. चौतीस वर्षं ज्या पिवळ्या रंगाची सासरेबुवांनी रोज वाट बघितली, तो येऊ नये म्हणून ते आज देवाचं नाव घेत होते.

पाण्याला रंग आला नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, तरी नितळच.

"उडालं," सासरेबुवा म्हणाले. आवाजात थोडं दुःख होतं, नाही असं नाही.

"तुमच्या क्लोरीनची वाईट वेळ आली, मामा."

"गप्प बसा. तुमचं तर पाणीच घेतलं नाही माशांनी." त्यांनी नळी विसळली, पुसली आणि डबीत ठेवली. डबी बॅगेत परत गेली नाही. टाकीशेजारच्या फळीवर, माशांच्या खाण्याच्या डब्याजवळ बसली.

दुपारी लेकीने खाटेखालची बॅग काढून रिकामी केली आणि माळ्यावर टाकली. सासरेबुवांना ते दिसलं. मोतीबिंदूचा डोळा अगदी साफ होता त्यांचा. पण त्यांनी तिकडे पाठ फिरवली आणि शिपायाला रागावले, "काय रे, खाऊन झालं ना? चल, कामाला लाग."